शाळूच्या दाण्यातलं विद्युतक्षेत्र

सोलापूरच्या बाजारात आडत्या मालदांडी शाळूचा दाणा दाढेखाली फोडतो आणि ओल सांगतो. ओलावामापक यंत्र तेच विजेच्या मदतीनं करतं. दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये धान्य भरलं की पट्ट्यांची धारिता, म्हणजे विद्युतप्रभार साठवायची क्षमता, वाढते; व्होल्टेज देऊन ती मोजतात. ती किती पट वाढते तो आकडा म्हणजे परावैद्युतांक. पाण्याचा 80 च्या आसपास, कोरड्या धान्याचा अगदी थोडा. म्हणून ओल जास्त तर वाढही जास्त.

मला कुतूहल आहे ते दाण्याच्या पोटातल्या विद्युतक्षेत्राचं. दाणा पूर्ण गोल आणि एकटाच आहे असं मानलं, तर उत्तर कागदावर निघतं: बाहेरच्या क्षेत्राला 3 ने गुणा आणि परावैद्युतांक अधिक 2 ने भागा. परावैद्युतांक 4 धरला तर आतलं क्षेत्र बरोबर निम्मं, आणि आत सगळीकडे सारखंच. खऱ्या आकाराच्या दाण्यातलं क्षेत्र काढणारं सॉफ्टवेअर वापरण्याआधी त्यावर ही गोळी सोडवून बघावीच. इथंच आकडा चुकला तर पुढं जाण्यात अर्थ नाही.

खरा दाणा मात्र बुडाशी निमुळता असतो. सॉफ्टवेअर त्याचे हजारो चिमुकले चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचे तुकडे, पाडतं, आणि निमुळत्या भागात जाळी जास्त बारीक विणतं. समजा, 90 टक्के घनफळात क्षेत्र मीटरला 500 व्होल्ट आहे, बुडाच्या 10 टक्क्यांत 1500, आणि दोन्हीकडे तुकड्यांची संख्या सारखीच आहे. सगळ्या तुकड्यांची सरळ सरासरी काढली तर 1000 येते. ही चूक फार सहज होते. सोलापूर शहरात दहा पर्जन्यमापक आणि करमाळ्यात एकच ठेवून जिल्ह्याचा पाऊस काढावा, तसंच हे. प्रत्येक तुकड्याचं क्षेत्र त्याच्या घनफळानं गुणायचं, बेरीज करायची, एकूण घनफळानं भागायचं. उत्तर येतं 600. क्षेत्राला दिशाही असते, त्यामुळे ती बदलत असेल तर तिन्ही घटकांची सरासरी वेगवेगळी काढायची.

पण तोच दाणा रेडिओलहरींनी वाळवायचा असेल, तर 600 कामाचा नाही. उष्णता क्षेत्राच्या वर्गावर ठरते. वर्गांची सरासरी काढली की 4,50,000 येते. 600 चा वर्ग 3,60,000 च भरतो. वाटणी पाहिली तर बुडाच्या त्या 10 टक्क्यांतच निम्मी उष्णता निर्माण होते. शाळूचा अंकुर बुडाशीच असतो, आणि तो भाजला तर ते बियाणं उगवत नाही.