चाळीस वर्षे काँग्रेससोबत, पण काँग्रेसबाहेर : रा. सू. गवई यांची वाटचाल

21 जुलै 2023 ची गोष्ट. राहुल गांधी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात सुनावणीला आली होती. 'मोदी' आडनावावरून केलेल्या वक्तव्यासाठी सुरतच्या न्यायालयाने त्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली होती आणि त्यात त्यांची खासदारकी गेली होती. युक्तिवादाला हात घालण्याआधीच न्या. भूषण गवई यांनी दोन्ही बाजूंच्या वकिलांना एक गोष्ट सांगून टाकली. आपले वडील काँग्रेसचे सदस्य नव्हते, पण चाळीसहून अधिक वर्षे त्या पक्षाशी जोडलेले होते. काँग्रेसच्या पाठिंब्यावर ते विधिमंडळात आणि संसदेत गेले. भाऊ आजही राजकारणात आहे. कुणाला हरकत असेल तर आत्ताच सांगावे. हरकत कुणीच घेतली नाही.

सदस्य नव्हते, पण जोडलेले होते. भूषण गवई यांचे वडील रामकृष्ण सूर्यभान गवई, म्हणजे विदर्भाचे 'दादासाहेब', यांचे सारे राजकारण या चार शब्दांत येते. त्यांच्यावर झालेली टीकाही याच चार शब्दांत येते.

गवईंचा जन्म 1929 चा, अमरावती जिल्ह्यातल्या दारापूरचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत वाढलेली ही पिढी. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि दोन महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले. त्यांच्या मनातला रिपब्लिकन पक्ष 3 ऑक्टोबर 1957 ला स्थापन झाला खरा, पण थोड्याच काळात त्यात गट पडू लागले. दादासाहेब गायकवाडांचा गट वेगळा, बी. सी. कांबळे यांचा वेगळा. पुढे खोब्रागडे गट झाला आणि गायकवाडांच्या पश्चात गवई गटही. रिपब्लिकन राजकारणात आडनावापुढे 'गट' लागणे हे नेत्याच्या वजनाचे माप होते, आणि पक्षाच्या दुखण्याचेही.

गायकवाडांनी साठच्या दशकात भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह उभा केला आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी जुळवूनही घेतले. गवई या दुसऱ्या वाटेवरचे. हिशेब सरळ होता : विखुरलेल्या मतांवर स्वबळाने जागा येत नाहीत, तेव्हा मोठ्या पक्षाच्या आधाराने सभागृहात जाऊन बसायचे आणि तिथून कामे करून घ्यायची. 1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली ती या हिशेबाला कंटाळूनच. पँथरच्या तरुणांना रिपब्लिकन पुढारी काँग्रेसच्या दावणीला बांधलेले वाटत. राग रास्त होता, पण पुढे पँथरही फुटली आणि तिच्यातले काही जण त्याच वाटेने गेले, हेही इथेच नोंदवायला हवे.

गवई 1964 मध्ये विधान परिषदेत गेले आणि तब्बल तीस वर्षे तिथे राहिले. 1968 ते 1978 उपसभापती, आणि ही दहाही वर्षे सभापतीच्या खुर्चीत वि. स. पागे. रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो तेच हे पागे. पाग्यांनंतर 1978 ते 1982 गवई स्वतः सभापती झाले. ही चार वर्षे साधी नव्हती. राज्याने त्या काळात वसंतदादा पाटील, शरद पवार, अंतुले आणि बाबासाहेब भोसले असे चार मुख्यमंत्री पाहिले. मध्ये राष्ट्रपती राजवटही येऊन गेली. खाली सरकारे बदलत होती, वरच्या सभागृहातली खुर्ची तीच होती. पुढे त्यांनी परिषदेत विरोधी पक्षनेतेपदही सांभाळले. बाकांच्या दोन्ही बाजू आणि मधली उंच खुर्ची, तिन्ही ठिकाणी बसलेला माणूस सगळ्यांशी बोलायला शिकतो. गवईंचा अजातशत्रू म्हणून लौकिक झाला तो इथेच, आणि नंतर राज्यपालपदासाठी त्यांचे नाव पुढे येण्यामागे हा लौकिक मोठा असावा.

लोकांमधून मात्र ते एकदाच लोकसभेत गेले. 1998 ला पवारांनी राज्यातल्या काँग्रेसची आणि रिपब्लिकन गटांची मोट बांधली आणि 48 पैकी 33 जागा काँग्रेसच्या, चार रिपब्लिकनांच्या आल्या. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, चिमूरहून जोगेंद्र कवाडे, मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले आणि अमरावतीतून गवई. चारही मतदारसंघ खुले. रिपब्लिकन ऐक्य काय करू शकते हे एकदाच इतके स्वच्छ दिसले. ती लोकसभा जेमतेम तेरा महिने टिकली; 1999 मध्ये अमरावती पुन्हा शिवसेनेच्या अनंत गुढे यांच्याकडे गेली आणि ऐक्यही टिकले नाही. गवई 2000 मध्ये राज्यसभेवर गेले.

याच काळातले त्यांचे एक काम मात्र आज नागपूरला जाणाऱ्या कुणालाही डोळ्यांनी पाहता येते. दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचे ते अध्यक्ष होते. सांचीच्या धर्तीवरचा तो भव्य स्तूप बांधून पूर्ण व्हायला कित्येक वर्षे लागली; 18 डिसेंबर 2001 ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी त्याचे उद्घाटन केले. जुने स्तूप आतून भरीव असतात, हा पोकळ आहे. आत शिरले की डोक्यावर घुमट, मधोमध बुद्धमूर्ती आणि बाहेरच्या गर्दीचा आवाज एकदम खाली आलेला.

राज्यसभेची मुदत 2006 मध्ये संपली आणि जूनमध्ये बिहारच्या राज्यपालपदी नियुक्ती झाली. नजीकच्या काळात सक्रिय राजकारणात फारसा भाग न घेतलेली व्यक्ती राज्यपाल असावी, असे सरकारिया आयोगाने 1988 मध्येच सांगून ठेवले होते. ही शिफारस कुठल्याच पक्षाने कधी मनावर घेतलेली नाही. पाटण्याच्या राजभवनाची पत तेव्हा तळाला गेली होती. 2005 मध्ये बुटासिंग यांच्या अहवालावरून विधानसभा विसर्जित झाली होती, ती कृती सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली आणि जानेवारी 2006 मध्ये बुटासिंग यांना जावे लागले. काही महिने गोपाळकृष्ण गांधी यांनी अतिरिक्त कार्यभार पाहिला, मग गवई आले. समोर नितीशकुमारांचे सरकार, म्हणजे दिल्लीतल्या काँग्रेस आघाडीच्या विरोधातले. तरीही दोन वर्षे फारशी खडाखडी न होता गेली. अशा ठिकाणी बातमी न होणे हेच काम असते. जुलै 2008 मध्ये केरळचे राज्यपाल आर. एल. भाटिया पाटण्याला आले आणि गवई त्यांच्या जागी तिरुअनंतपुरमला गेले, सरळ अदलाबदल.

तिथे वादाने त्यांना गाठले. 1996 ते 1998 या काळात पिनराई विजयन केरळचे वीजमंत्री होते. इडुक्की जिल्ह्यातल्या पळ्ळिवासल, सेंगुलम आणि पन्नियार या जुन्या जलविद्युत केंद्रांच्या नूतनीकरणाचे कंत्राट त्या सुमारास कॅनडाच्या एसएनसी लावलिन कंपनीला गेले. यात सरकारचे सुमारे 374 कोटींचे नुकसान झाल्याचा आक्षेप पुढे आला, तपास सीबीआयकडे गेला आणि सीबीआयने विजयन यांच्यावर खटला भरायला परवानगी मागितली. विजयन तोवर माकपचे राज्य सचिव झाले होते. मुख्यमंत्री व्ही. एस. अच्युतानंदन पक्षातलेच, पण विजयन यांचे कट्टर प्रतिस्पर्धी. दोघांच्या भांडणापायी 2007 मध्ये पक्षाने दोघांनाही पॉलिटब्युरोतून काही काळ निलंबित केले होते. तरीही मंत्रिमंडळाने महाधिवक्त्यांच्या मताला धरून राज्यपालांना सल्ला दिला : परवानगी देऊ नये. लोकसभेत डाव्या आघाडीला 20 पैकी चारच जागा मिळाल्या होत्या, त्याला महिनाही झाला नव्हता. 7 जून 2009 ला गवईंनी परवानगी दिली.

राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावे, हा आपल्याकडचा नियम. पण मंत्र्यावर खटला भरायचा की नाही हे त्याच्याच सहकाऱ्यांनी ठरवायचे, यातली अडचण महाराष्ट्राला फार आधी कळली होती. सिमेंट प्रकरणात मुख्यमंत्रिपद गेलेल्या अंतुल्यांवर खटला भरायची परवानगी राज्यपाल लतीफ यांनी जुलै 1982 मध्ये स्वतःच्या अधिकारात दिली. पुढे मध्य प्रदेशातल्या दोन मंत्र्यांच्या प्रकरणात 2004 मध्ये घटनापीठाने स्पष्ट केले, की मंत्रिमंडळाचा निर्णय उघडच तर्कहीन किंवा पक्षपाती असेल तर राज्यपाल स्वतःच्या विवेकाने परवानगी देऊ शकतात. कायद्याचा आधार होता, यात शंका नाही. पण केरळच्या मंत्रिमंडळाचा नकार खरोखर तर्कहीन होता का, हा प्रश्न उरतोच. माकपने रस्त्यावर उतरून निषेध केला, काँग्रेसने स्वागत केले, आणि चाळीस वर्षांच्या जवळिकीची आठवण दोन्ही बाजूंना सोयीची ठरली. 2013 मध्ये विशेष न्यायालयाने विजयन यांना दोषमुक्त केले, 2017 मध्ये उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले आणि त्यावरचे अपील सर्वोच्च न्यायालयात तारखांवर तारखा घेत राहिले. 2016 पासून विजयन मुख्यमंत्री झाले होते. माझ्या मते गवईंच्या निर्णयाचे मोल निकालावरून ठरत नाही. परवानगीच्या टप्प्यावर दोष सिद्ध व्हावा लागत नाही. मात्र आयुष्यभर कुणालाही न दुखावता चालणाऱ्या माणसाने दुखावले ते नेमके काँग्रेसच्या विरोधकाला, हा योगायोग त्यांच्या चाहत्यांनाही समजावून सांगावा लागला.

मे 2011 मध्ये ओमेन चंडी यांना शपथ देऊन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते पायउतार झाले. जुलै 2015 मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले. वडिलांना स्वतःला वकील व्हायचे होते, ते जमले नाही, असे भूषण गवई यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितले आहे.

मुलगा 14 मे 2025 ला सरन्यायाधीश झाला. त्याच्या आदल्याच दिवशी राष्ट्रपतींनी चौदा प्रश्न न्यायालयाकडे धाडले होते : विधेयकांवर सही करायला राज्यपालांना मुदत घालता येते का, आणि सही झालीच नाही तर ती झाली असे धरता येते का. उत्तर द्यायला बसलेल्या पाच जणांच्या पीठाचे प्रमुख भूषण गवई होते. 20 नोव्हेंबर 2025 ला, निवृत्तीच्या तोंडावर, पीठाने मुदत घालता येत नाही आणि गृहीत मंजुरीही चालत नाही असे मत दिले. मात्र राज्यपालांना विधेयक बेमुदत अडवूनही ठेवता येणार नाही, असेही बजावले. राष्ट्रपतींच्या या संदर्भाला विरोध करणाऱ्या राज्यांत केरळ होते, आणि तिथले सरकार होते पिनराई विजयन यांचे.