युगांडात गोरिला बघायला जाताय? आधी पिवळं कार्ड काढा

युगांडातल्या बविंडी अरण्यात माउंटन गोरिला बघायचे म्हटलं की सगळे परमिटच्या किमतीचीच चौकशी करतात. परदेशी पर्यटकाला ते जुलै 2024 पासून 800 डॉलरला पडतं. पण प्रवास बहुतेकदा अडतो तो पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीच्या पिवळ्या कार्डावर.

ई-व्हिसाच्या अर्जाला हे कार्ड जोडावंच लागतं. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, तीही बऱ्याच ठिकाणी ठरावीक वारी आणि आधी नाव नोंदवून. केंद्रं मोजकी, वार त्याहून मोजके, आणि त्याचा भुर्दंड अर्जदाराला. हे बरोबर नाही, पण आज तरी असंच आहे. म्हणून निदान दोन महिने आधी हालचाल करा. केंद्रावर जाताना मूळ पासपोर्ट न्या.

लस टोचल्यावर 10 दिवसांनी कार्ड ग्राह्य होतं. आदल्या आठवड्यात टोचून निघालात, तर कार्ड हातात असूनही उपयोग नाही. दुसरा गोंधळ 10 वर्षांचा. पूर्वी तेवढी मुदत असे. 11 जुलै 2016 पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते, जुन्या कार्डावर मुदत लिहिलेली असली तरी. तेव्हा घरातलं जुनं कार्ड शोधा, पुन्हा टोचून घेऊ नका. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठीच्या पुढे असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि कार्डाशिवाय परत आलात, तर भारतात उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

व्हिसा सोपा आहे: नुसत्या युगांडाचा 50 डॉलर. केनिया, युगांडा आणि रवांडा मिळून पूर्व आफ्रिका व्हिसा 100 डॉलरला, 90 दिवसांचा. त्यासाठी ज्या देशात आधी उतरणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. यात टांझानिया नाही. केनियातल्या मसाई मारासोबत टांझानियातलं सेरेंगेटीही जोडणारे इथेच फसतात.

परमिट युगांडा वन्यजीव प्राधिकरण देतं. एका गोरिला कुटुंबाकडे दिवसाला फक्त 8 जणांना नेतात, म्हणून जून ते सप्टेंबरचे दिवस लवकर भरतात. परमिटवर तारीख आणि विभाग ठरलेला असतो: बुहोमा, रुहिजा, रुशागा किंवा न्कुरिंगो. हॉटेल त्याच विभागात घ्या. रुशागाचं परमिट आणि मुक्काम बुहोमाला, तर सकाळी आठच्या सुमाराच्या सूचनासत्राला पोहोचणं कठीण, रस्ता काही तासांचा आहे. एजंटकडून परमिटची प्रत मिळाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनी हे दोनदा तपासावं.

वयाची अट 15 वर्षं पूर्ण. चौदा वर्षांच्या मुलाला विनवण्या करून कोणी आत सोडत नाही. सर्दी-खोकला असला तरी रोखतात, कारण आपला आजार गोरिलांना लागतो.