पोट खालीच असलेला बी: झुआंगचा सूर की तातारचा स्वर?

इंग्रजी कॅपिटल बीचं वरचं पोट काढून टाका. उरतं ते चिन्ह जुन्या छपाईत दोन अगदी वेगळ्या ठिकाणी भेटतं, आणि दोन्हीकडे त्याचा 'ब'शी काडीचाही संबंध नाही.

चीनमधल्या ग्वांगशीत बोलल्या जाणाऱ्या झुआंग भाषेच्या १९५७च्या रोमन लिपीत तो सहावा सूर आहे (सूर म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारी आवाजाची पट्टी): मधल्या पट्टीतला, सपाट. पहिल्या सुराला खूण नव्हती. पुढच्या पाच सुरांसाठी शब्दाच्या प्रत्येक अवयवाच्या (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) शेवटी इंग्रजी २ ते ६ या आकड्यांसारखी दिसणारी अक्षरं लावत. म्हणजे हा बी मुळात सहाचा आकडा!

सोव्हिएत संघात १९२६च्या बाकू परिषदेनंतर तातार वगैरे तुर्की कुळातल्या भाषा रोमन लिपीत आल्या. तिथे हेच रूप स्वराचं. ओठ 'ई'सारखे ताणून 'उ' म्हणा, साधारण तो उच्चार. खऱ्या छोट्या बीशी गल्लत नको म्हणून छोटा बी कॅपिटलच्याच आकारात, फक्त बुटका छापत. १९३९-४०मध्ये सिरिलिक (रशियनची लिपी) आली आणि हा स्वर दुसऱ्या अक्षराकडे गेला. सिरिलिकमधलं याच रूपाचं मृदुचिन्ह (आधीचं व्यंजन मृदू करणारी खूण) स्वर नव्हे, त्यामुळे रशियन वाचणारे इथे हमखास फसतात.

ओळखायचं कसं? त्या अवयवात दुसरा स्वर शोधा. असेल आणि चिन्ह शेवटी असेल, तर झुआंग. दोन व्यंजनांमध्ये ते एकटंच असेल (तातारमधला 'मुलगी' या अर्थाचा शब्द तसाच), तर तो स्वर.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकयादीत, झुआंगच्या अक्षराचे दशमान क्रमांक ३८८ आणि ३८९. तातार मजकुरात मात्र कुणी तेच उसने घेतात, कुणी सिरिलिकचे १०६८ आणि ११०० वापरतात. दिसायला सारखंच, पण शोध अर्धवट लागतो; म्हणून दोन्ही क्रमांकांनी शोधा.

१९८२मध्ये झुआंगने या अक्षराऐवजी एच घेतला. झुआंग आणि तातार मिसळलेल्या फाइलमध्ये हा बदल सरसकट केलात, तर तातारमधली 'मुलगी' स्वराविना उरेल. उलट दिशेने, म्हणजे एचवरून जुन्या अक्षराकडे जाताना, तर आणखी जपून: फक्त अवयवाच्या शेवटचा एच बदलायचा. भाषेच्या स्वतःच्या नावातले, 'वाह्चुएंघ'मधले, दोन्ही एच सूर आहेत. 'भात' या अर्थाच्या शब्दातला सुरुवातीचा एच मात्र खरंच 'ह' आहे.