फेलोशिप माझी, ग्रँट कॉलेजची

मागच्या आठवड्यात स्टाफरूमच्या दारात एक विद्यार्थिनी पेढ्यांचा पुडा घेऊन उभी होती. "सर, मला ग्रँट मिळाली." कुठली? "जेआरएफ." म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, पीएचडी करणाऱ्यांना दरमहा मिळते ती. पेढा घेतला, पाठ थोपटली आणि तिथल्या तिथे सांगितलं की पोरी, तुला ग्रँट मिळालेली नाही, फेलोशिप मिळालीय, आणि तेच तुझ्यासाठी बरं आहे. तिचा चेहरा उतरला. काहीतरी कमी मिळालं असं तिला वाटलं. दुपारी एक सहकारी आले. "अहो, माझी फेलोशिप मार्चमध्ये संपतेय आणि लॅपटॉप घ्यायचा राहिलाय." त्यांच्याकडे होता प्रोजेक्ट, म्हणजे ग्रँटवर चालणारा संशोधन प्रकल्प. म्हणजे सकाळी फेलोशिपला ग्रँट म्हटलं गेलं आणि दुपारी ग्रँटला फेलोशिप. एकाच दिवसात, एकाच कॉरिडॉरमध्ये.

कॉलेजचा रिसर्च सेल सांभाळायला लागल्यापासून हे इतक्यांदा झालंय की आता लिहूनच टाकतो. थोडक्यात, फेलोशिप म्हणजे संशोधन करणाऱ्या माणसाला जगायला मिळणारे पैसे, ग्रँट म्हणजे ठरलेल्या संशोधनासाठी संस्थेच्या नावावर येणारे पैसे.

गोंधळाला थोडी आपली भाषाही कारणीभूत आहे. आपल्याकडे 'ग्रँट' म्हटलं की आधी आठवतो पगार. "तो ग्रँटवर आहे का नॉन-ग्रँटवर?" हा प्रश्न सोलापुरात लग्नाच्या बैठकीतसुद्धा विचारतात. ती ग्रँट म्हणजे राज्य सरकारचं वेतन अनुदान. रिसर्च ग्रँटशी तिचा सुतराम संबंध नाही. विनाअनुदानित कॉलेजातले कितीतरी चांगले शिक्षक "आम्ही नॉन-ग्रँट, आम्हाला कोण प्रोजेक्ट देणार" म्हणत अर्जच करत नाहीत. योजनेची पात्रता काय लिहिलीय ते वाचा. कुठे संस्थेला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या म्हणजे यूजीसीच्या कायद्यातल्या कलम 2(एफ), 12(बी) खालची मान्यता मागतात, कुठे तुमची नेमणूक नियमित आहे का विचारतात. तासिका तत्त्वावरच्या म्हणजे सीएचबीवरच्या मंडळींना मात्र बहुतेक योजनांत खरोखर दार बंद असतं, कारण मुख्य संशोधक, म्हणजे पीआय, नियमित पदावरचा लागतो. हा अन्याय आहे असं माझं मत आहे. पण तो वेगळा विषय.

फेलोशिपबद्दल फार सांगायची गरज नाही. नेट म्हणजे प्राध्यापकपदासाठीची आणि जेआरएफसाठीची राष्ट्रीय परीक्षा. तिचे क्लास लावलेल्या कुणालाही ती रक्कम तोंडपाठ असते. जेआरएफला 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं महिना 37,000, पुढे एसआरएफला (सीनियर रिसर्च फेलोशिपला) 42,000, घरभाडं वेगळं, वर्षाची कंटिन्जन्सी म्हणजे किरकोळ खर्चाची रक्कम वेगळी. नुसती नेट आणि जेआरएफ यांतला फरकही आता बहुतेकांना कळतो. 2024 पासून यूजीसी नेटच्या निकालात तीन पायऱ्या असतात आणि फेलोशिप मिळते ती फक्त सगळ्यात वरच्या पायरीला. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्था आहेत. विज्ञानात विद्यापीठात पहिले आलेल्यांनी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर फेलोशिप विसरू नये. आपल्याकडची मुलं ती हमखास विसरतात.

आता हिशेब करून बघा. 37,000 गुणिले 24 महिने म्हणजे 8 लाख 88 हजार. 42,000 गुणिले 36 म्हणजे 15 लाख 12 हजार. दोन्ही मिळून बरोब्बर 24 लाख. म्हणून गल्लीत फ्लेक्स लागतो, '24 लाखांचे संशोधन अनुदान मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली पन्नास फोटो. अहो, ते त्या पोराचं पाच वर्षांचं घरभाडं वगळून उरलेलं जगणं आहे! मेसचं बिल, गावाकडे पाठवायचे पैसे, आईचं ऑपरेशन. त्याला अनुदान म्हणणं म्हणजे एखाद्या कारकुनाला नोकरी लागली की "30 वर्षांत दोन कोटींचं अनुदान मिळालं" म्हणण्यासारखं आहे.

मुख्य मुद्दा पैसा कुणाचा हा आहे. फेलोशिप माणसाला मिळते. प्रोजेक्ट ग्रँट कामाला मिळते, आणि ते काम करून घ्यायची जबाबदारी घेतलेल्या संस्थेच्या नावावर येते. ऐकून सगळे मान डोलावतात, "हो हो, माहितेय" म्हणतात, आणि महिन्याभरात बरोबर इथेच पडतात.

पंढरीच्या वाटेवरची दिंडी डोळ्यांपुढे आणा. वारकरी भिशी भरतात. पैसे दिंडीचालकाच्या हातात असतात. तांदूळ, गॅस, तंबू, ट्रकचं भाडं सगळं तोच ठरवतो, तोच देतो. पण म्हणून त्यातून त्याने स्वतःच्या घराला रंग लावला तर चालेल का? पीआय हा तसा दिंडीचालक आहे. सही त्याची, डोकं त्याचं, धावपळ त्याची. पैसा त्याचा नाही.

यातून काय काय निघतं बघा. फेलोशिप बहुतेक वेळा थेट तुमच्या बँक खात्यात पडते. त्यातून गाडी घ्या, बहिणीच्या लग्नाला द्या, कुणी पावती मागत नाही. ग्रँट येते कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या खात्यात, आणि तीही डोक्यांनुसार वाटलेली. 'डोकी' म्हणजे हेड: उपकरणं, मनुष्यबळ, उपभोग्य वस्तू, प्रवास, कंटिन्जन्सी, ओव्हरहेड. प्रवासाचे पैसे उरले म्हणून रसायनं घेता येत नाहीत. त्यासाठी रिअप्रोप्रिएशनची, म्हणजे एका हेडचे पैसे दुसऱ्यात वळवायची, परवानगी मागायची. ओव्हरहेड संस्थेचा, वीज-पाणी-कार्यालयापोटी, आणि तो कापला जातो म्हणून प्राचार्यांशी भांडायला जाऊ नका. तो कापण्यासाठीच दिलेला असतो. आणि ज्यावर सगळ्यांचे चेहरे पडतात ती गोष्ट: तुम्ही पगारी शिक्षक असाल तर बहुतेक सरकारी योजनांत तुमच्या स्वतःच्या नावावर एक रुपया मानधन नसतं. दोन वर्षं मर मर करायची आणि घरी काय न्यायचं? पेपर, नाव, अनुभव. ज्याला हे पटत नाही त्याने प्रोजेक्टच्या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. लोक नाराज होतात.

माझंच सांगतो. पहिला प्रोजेक्ट छोटा होता. मंजुरीपत्र आलं त्या दिवशी घरी शेंगाचटणी-भाकरीऐवजी श्रीखंड झालं. वर्षअखेरीला ऑडिटला बसलो तर हिशेब 1,846 रुपयांनी जुळेना. रात्रभर बिलं चाळली. सकाळी ऑफिसातले भाऊसाहेब हसले. "सर, हे तुमचं नाही, बँकेचं व्याज आहे. आणि ते पण परत करायचंय." केंद्राच्या अनुदानावरचं व्याजसुद्धा सरकारचंच असतं. 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत तसं लिहिलंय. त्याच नियमांतला नमुना 12-ए म्हणजे आपलं प्रसिद्ध यूसी, उपयोगिता प्रमाणपत्र. यूसी आणि खर्चाचं विवरणपत्र गेलं नाही की पुढचा हप्ता अडकतो. आता बऱ्याच केंद्रीय योजनांत शून्य शिलकीचं खातं असतं, पैसा खात्यात पडूनच राहत नाही, त्यामुळे व्याजाचा घोळ कमी झालाय. पण 31 मार्चची धास्ती वाढलीय. खर्च झाला नाही तर मंजूर खर्चाची मर्यादा परत जाते आणि नव्या वर्षी नव्याने वाट बघायची.

फेलोशिपवाल्याला यातलं काहीच नाही. त्याला हजेरी, प्रगती अहवाल, गाईडची सही आणि विद्यापीठाने दरमहा पोर्टलवर करायचं कन्फर्मेशन. तेही वेळेवर होत नाही ही त्याची रड, आणि ती खरी आहे.

माणूस दुसरीकडे गेला तर काय, हा आणखी एक कस. फेलोशिप घेतलेली मुलगी सोलापूर सोडून पुण्याच्या गाईडकडे गेली तर रीतसर परवानगीने फेलोशिप तिच्याबरोबर जाते, कारण ती तिची आहे. पीआयची बदली झाली, त्याने नोकरी सोडली, तर ग्रँट आपोआप त्याच्यामागे जात नाही. दोन्ही संस्थांची संमती, देणाऱ्याची मंजुरी, किंवा मग को-पीआयकडे, म्हणजे सहसंशोधकाकडे सूत्रं. आणि उपकरणं? ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत चढलेली असतात. सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याला खरंच वाटत होतं की प्रोजेक्टमधून घेतलेला लॅपटॉप आपला आहे. माणूस सरळ, चोरीचा विचारही मनात नव्हता. फक्त त्याने आयुष्यात आधी फेलोशिपच बघितली होती.

याच गोंधळातून सगळ्यात जास्त नुकसान होतं ते 'जेआरएफ' या शब्दाने. वर्तमानपत्रात येतं, 'संशोधन प्रकल्पासाठी जेआरएफ पाहिजे, एक जागा'. ही फेलोशिप नव्हे, नोकरी आहे. कुणाच्या तरी ग्रँटमधल्या मनुष्यबळाच्या हेडमधून तुमचा पगार निघणार. रक्कम तीच, नाव तेच, म्हणून पोरं पीएचडीला नाव नोंदवतात आणि निर्धास्त होतात. तीन वर्षांचा प्रोजेक्ट, त्यात तुमची नेमणूक होईपर्यंत सहा-आठ महिने गेलेले. पीएचडी निम्म्यावर असताना प्रोजेक्ट संपतो आणि त्याबरोबर पैसाही. नेटच्या जेआरएफला जास्तीत जास्त पाच वर्षं असतात. प्रोजेक्टच्या जेआरएफला प्रोजेक्ट जगेल तेवढीच. घेऊ नका असं मी म्हणत नाही, हात चांगला बसतो. पण मुलाखतीतच विचारा, "सर, प्रोजेक्टचे किती महिने उरलेत?" पीआय रागावला तर तिथे जाऊच नका.

अर्ज लिहितानाही हाच फरक नडतो. फेलोशिपचा अर्ज तुमच्याबद्दल असतो: गुण, वय, जातीचा दाखला, निकाल. तीच सवय घेऊन माणसं ग्रँटचा प्रस्ताव लिहायला बसतात. परवा एक आला वाचायला. विषय होता विडी वळणाऱ्या बायकांची पाठदुखी. सोलापुरात याहून चांगला विषय कुठला? पण पहिली तीन पानं "मी गेली 15 वर्षे अध्यापन करीत असून..." मी लाल पेनाने काट मारली आणि समासात लिहिलं: किती बायका? कुंभारीच्या घरकुलातल्या की जुन्या पूर्वभागातल्या? दिवसाला किती विड्या वळणाऱ्या? दुखणं कोण मोजणार, कशाने? तेलुगू बोलणारी प्रश्न विचारणारी बाई मिळेल का, आणि तिला दिवसाला काय द्यायचं? या शेवटच्या प्रश्नातूनच बजेट तयार होतं. बजेट आधी ठरवून मग त्यात काम कोंबणारे प्रस्ताव मला वासावरून ओळखू येतात. सगळ्यात वर संगणक, प्रिंटर आणि एसी असतो.

कुठे शोधायचं? विद्यार्थी असाल तर 'ग्रँट' हा शब्द शोधणं सोडा. यूजीसी नेट, विज्ञानाला सीएसआयआर नेट, वर सांगितलेल्या राज्याच्या संस्था, सामाजिक शास्त्रांत आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची) डॉक्टरल फेलोशिप. नियमित शिक्षक असाल तर विज्ञान-तंत्रज्ञानात आता एएनआरएफ, म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. जुनं सर्ब (सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड) त्यात विलीन झालं, 2023 च्या कायद्याने. तरीही अजून "सर्बला टाकलाय" म्हणणारे आहेत. राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग. सामाजिक शास्त्रांत पुन्हा आयसीएसएसआरच, पण त्यांचे संशोधन प्रकल्प. एकाच संस्थेच्या एकाच संकेतस्थळावर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी असल्यामुळे सर्वाधिक चुकीचे अर्ज तिथेच भरले जातात, हा माझा अनुभव. यूजीसीच्या मायनर-मेजर प्रोजेक्टची वाट बघणाऱ्या ज्येष्ठांना हात जोडून विनंती, ती गाडी कधीच गेली. डाळिंबाच्या तेल्या रोगावर काम करायचं असेल तर सोलापुरात केगावला विद्यापीठाप्रमाणेच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आहे, आधी तिथल्या शास्त्रज्ञांशी बोला. को-पीआय शेजारी असताना दिल्लीकडे कशाला बघायचं?

आणि तरीही शंका असेल तर मंजुरीपत्र उघडा आणि 'प्रति' पुढे कोण आहे ते बघा. तुमचं नाव असेल तर बहुधा फेलोशिप. कुलसचिव किंवा प्राचार्य असतील आणि तुमचं नाव खाली 'प्रत माहितीसाठी'मध्ये असेल तर बहुधा ग्रँट.

पेढेवालीने तिथेच मोबाईलवर पत्र उघडलं. वर तिचंच नाव. लॅपटॉपवाल्या सहकाऱ्यांनीही मग खरेदी समितीकडे रीतसर मागणी दिली आणि मार्चच्या आत लॅपटॉप आला. त्याच्या झाकणावर भाऊसाहेबांनी पांढऱ्या ऑइलपेंटने डेडस्टॉक नंबर घातलाय, चांगला बोटभर उंचीचा.