उचल आधी की योजना आधी: नाशिक जिल्ह्यातल्या बालमजुरीची पार्श्वभूमी

पोराचे श्रम गहाण टाकून पैसे उचलायला आपल्याकडे १९३३ पासून बंदी आहे. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाच्या अहवालानंतर इंग्रज सरकारने केलेल्या त्या कायद्यात असा सौदा करणाऱ्या आईबापाला ५० रुपयांपर्यंत, तर मालकाला आणि मध्यस्थाला २०० रुपयांपर्यंत दंड होता. जवळपास नव्वद वर्षांनी, २०२२ मध्ये, इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे येथील कातकरी वस्तीवरची एक लहान मुलगी मेंढ्या वळण्याच्या कामावरून अत्यवस्थ स्थितीत घरी परतली आणि दगावली. चौकशी सुरू झाली, तेव्हा तिच्यासारखी आणखी मुले नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे ठेवल्याचे उघड झाले. घरच्यांच्या हाती पडले होते थोडेथोडके पैसे, कुठे त्यांच्या जोडीला एखादी मेंढी.

मधल्या काळात कायदे कमी झाले नाहीत. १९३८ चा मुलांच्या नोकरीविषयीचा कायदा, १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा, १९८६ चा बालकामगार कायदा, २००६ मध्ये घरकाम आणि हॉटेल-ढाब्यांवरची बंदी, २००९ चा शिक्षणहक्क, २०१६ ची दुरुस्ती. या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांवर बंदी घातली. फक्त शाळेची वेळ सोडून घरच्या बिनधोक्याच्या व्यवसायात हातभार लावण्याची आणि बालकलाकार म्हणून काम करण्याची सूट ठेवली. कायदा मालकाला धरतो, आणि त्याने धरायलाच हवे. पण त्या घराला नेमकी त्याच महिन्यात उचल का घ्यावी लागली, हे कोणताही कामगार निरीक्षक पंचनाम्यात लिहीत नाही. त्या प्रश्नाला हात घालतात त्या रोजगार हमी, रेशन, खावटी, शाळेतला आहार, निराधारांचे अनुदान अशा योजना. त्यांचा इतिहास सहसा बालमजुरीच्या खात्यात मांडला जात नाही. नाशिकपुरता तरी तो तिथेच मांडायला हवा असे मला वाटते.

आधी जिल्ह्याची ठेवण पाहू. पश्चिमेला सुरगाणा, पेठ, त्र्यंबक आणि इगतपुरी. पाऊस धो धो, पीक एकच: भात, नागली, वरई. दिवाळी झाली की शेतात काम नाही. मग टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे उतरतात, काही कुटुंबे ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर जातात. पूर्वेला मालेगावचे यंत्रमाग, जिथे कांड्या भरायला लहान हात चालतात. मध्ये सिन्नर, एके काळचे विड्यांचे गाव. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कारखान्यात मुलांना मज्जाव केला. पण विडी वळली जायची घरात. आई हजार विड्यांमागे ठरलेल्या दराने काम आणायची, पोरी पान कापायच्या, विड्यांची तोंडे बंद करायच्या. ठेकेदाराने छाट काढली, म्हणजे विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या, की तेवढ्या विड्यांचे पैसे बुडायचे. घरातल्या त्या कामाला ना मालक होता ना हजेरीपट. बागेतही तसेच. मूल मजूर म्हणून नोंदलेले नसते. ते बांधावर धाकट्याला सांभाळत असते, आणि त्यामुळे आईला पूर्ण रोज मिळतो.

आता योजनांकडे. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या आठवणीत खडी फोडण्याची कामे, वाटपातली सुकडी आणि मिलो ही परदेशी ज्वारी यांच्या रूपाने राहिला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापुरात मजुरीच्या हमीचा जो प्रयोग केला होता, तो या दुष्काळात राज्यभर पसरला. १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पैसा उभा केला शहरातल्या नोकरदारांवर १९७५ मध्ये बसवलेल्या व्यवसायकरातून. आजही पगाराच्या चिठ्ठीत हा कर कापलेला दिसतो, आणि तो मुळात कशासाठी लागला हे कापून घेणाऱ्यालाही क्वचितच ठाऊक असते.

हमीच्या कामाचा बालमजुरीशी संबंध सरळ वाटतो: गावातच मोठ्यांच्या हाताला काम मिळाले तर मुकादमाच्या टोळीत जायची गरज नाही, आणि कुटुंब गावात राहिले की शाळाही राहते. बऱ्याच अंशी हे खरेही आहे. पण २००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा आल्यानंतर अर्थशास्त्रज्ञांनी देशभरातली आकडेवारी तपासली, तेव्हा एक आडवी बाजूही दिसली. हमीची कामे सुरू झाल्यावर काही ठिकाणी किशोरवयीन मुलांचे शाळेतले प्रमाण थोडे घटले. आई कामावर गेली की चूल आणि धाकटी भावंडे मोठ्या मुलीकडे येतात, म्हणून असे घडते. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची, अशी तरतूद त्या कायद्याने केली. शासकीय कामावरची पाळणाघराची ही ओळ कोणाला फारशी महत्त्वाची वाटत नाही. माझ्या मते सगळ्या कायद्यात मुलींच्या शाळेच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे.

दुसरा धागा आदिवासी भागाचा. पावसाळ्याचे दिवस हे इथले खरे उपासाचे दिवस. जुने धान्य संपलेले, नवे शेतात उभे. सावकार याच दिवसांत दारात यायचा. १९७६ मध्ये राज्याने आदिवासींच्या आर्थिक स्थितीत सुधारणा करणारा कायदा केला, त्यातून एकाधिकार खरेदी, म्हणजे आदिवासींचा माल फक्त सरकारी यंत्रणेनेच विकत घेण्याची पद्धत, आली, आणि १९७८ पासून पावसाळ्यासाठी खावटी कर्ज सुरू झाले: काही धान्यरूपाने, काही रोख. राबवणारे आदिवासी विकास महामंडळ नाशिकचेच, आणि आदिवासी विकास आयुक्तालयही इथेच. खावटीच्या फाइलीत बालमजुरी हा शब्द नसेल, पण ज्या महिन्यात मूल कामावर ठेवले जाते तो महिना ओळखून आखलेली ही योजना होती. पुढे ती रखडत, थकत, माफ होत गेली. करोनाच्या काळात तिचे अनुदान झाले: कुटुंबाला एकदाच ४,००० रुपये, अर्धे रोख आणि अर्धे वस्तूंच्या रूपात. जाहीर झाले २०२० मध्ये. तो पावसाळा बहुतेक घरांनी त्याशिवायच काढला.

तिसरी गोष्ट राज्याबाहेर जवळजवळ कोणी सांगत नाही. अटीवर रोख मदत देण्याची कल्पना जगात गाजली ती मेक्सिकोमुळे, १९९७ पासून: मूल शाळेत गेले तर आईच्या हाती पैसे. ब्राझीलने १९९६ मध्ये कोळसाभट्ट्यांवरच्या मुलांसाठी असाच कार्यक्रम काढला होता. महाराष्ट्राने त्याही आधी, १९९२ मध्ये, दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता सुरू केला. ७५ टक्के हजेरी असेल तर दिवसाला १ रुपया, वर्षाला फार तर २२० रुपये. कल्पना नेमकी होती. नंतर मात्र रुपया रुपयाच राहिला. मजुरी वाढली, वह्या महागल्या, सरकारे बदलली. भत्त्याकडे कोणी वळून पाहिले नाही. मेक्सिकोच्या योजनेत मुलगी वरच्या वर्गात गेली की रक्कम वाढत होती, कारण मोठ्या पोरीची मजुरी जास्त असते. आपली योजना चौथीलाच संपत होती.

शाळेतल्या जेवणाचे मात्र वेगळे झाले. १५ ऑगस्ट १९९५ पासून पहिली ते पाचवीच्या मुलांना महिन्याला ३ किलो धान्य मिळू लागले. तांदळाची पिशवी घरी जायची आणि घरात वाटली जायची. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या असा आदेश दिला, तेव्हा खिचडी वर्गापर्यंत आली. पोट भरते म्हणून पोर शाळेत येते, असे शिक्षक सांगतात आणि ते खोटे नाही. अडचण एवढीच की ताट गावच्या शाळेत असते आणि मूल निफाडच्या बागेत. हंगामी वसतिगृहे निघाली ती ही गाठ सोडवायला: आईबाप जातील, मूल गावातच कोणाकडे जेवेल. पण त्याचा निधी दिवाळीनंतर आला तर उपयोग काय? टोळी तोवर गेलेली असते.

ताट की रोख, हा वाद नाशिकच्या वाटेवर एकदा उघडपणे झाला. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतल्या खाणावळी बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या खात्यावर टाकायचा निर्णय झाला. त्या जुलैत विद्यार्थी पुण्याहून चालत नाशिकच्या आयुक्तालयाकडे निघाले. पोहोचण्याआधीच पोलिसांनी त्यांना अडवले. पैसे उशिरा येतात, तोवर खायचे काय, ही त्यांची साधी तक्रार होती. थेट लाभाची पद्धत वाईट असते असे नाही. मधले हात कमी होतात, हे खरे. पण उपासमारीच्या काठावर असणाऱ्याला महिनाभर उशिरा आलेली रक्कम मदत म्हणून नव्हे, कर्ज फेडायला येते.

या दोन रेषा, कायद्याची आणि योजनेची, एकदाच नीट जुळल्या होत्या. १९९६ मध्ये, शिवकाशीच्या फटाका कारखान्यांवरून निघालेल्या एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले: धोक्याच्या उद्योगात सापडलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाने २०,००० रुपये निधीत भरावेत, सरकारने त्या घरातल्या एका मोठ्या माणसाला काम द्यावे, ते जमत नसेल तर आपले ५,००० घालावेत, आणि मूल शाळेत असेतोवर व्याज कुटुंबाला मिळावे. व्याजातून पोराची कमाई भरून निघेल ही अपेक्षा धाडसी होती. पण दंड थेट घरापर्यंत पोहोचवण्याचा विचार त्यात होता. १९८८ मध्ये ९ जिल्ह्यांत सुरू झालेला राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प, कामावरून सोडवलेल्या मुलांचे विशेष वर्ग आणि त्यांचे विद्यावेतन, हे सगळे आता समग्र शिक्षा अभियानात विरघळले आहे.

दरम्यान जगातले आकडे उलटे फिरले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांनी २०२१ मध्ये १६ कोटी मुले कामावर असल्याचे सांगितले. चार वर्षांत ८४ लाखांची वाढ. पुढच्या वर्षी याच संस्थांनी सामाजिक सुरक्षेवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला आणि नोंदवले की चौदा वर्षांपर्यंतच्या सुमारे दीडशे कोटी मुलांच्या घरी कोणताही बालभत्ता पोहोचत नाही. २०२५ च्या अंदाजात आकडा १३ कोटी ८० लाखांवर आला.

आपल्याकडे भत्ते आहेत, पण ते दाखल्यांच्या मागे आहेत. एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलासाठीच्या बालसंगोपन योजनेत पूर्वी महिन्याला ४२५ रुपये मिळत, २०२३ पासून २,२५० मिळतात. ही रक्कम एखाद्या पोराची उचल टाळायला खरोखर पुरू शकते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँकखाते लागते. कातकरी ही राज्यातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक, पण अनेक वस्त्यांवर जातीचा दाखलाच नाही, कारण जागा दुसऱ्याची आणि मुक्काम बदलता. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने आदिम जमातींसाठी पीएम-जनमन सुरू केले, त्यात घर-रस्त्यांबरोबर दाखल्यांची शिबिरेही आली.

वेठबिगारीतून सोडवलेल्या मुलासाठी केंद्राच्या २०१६ च्या योजनेत २ लाख रुपये आहेत. २०२२ च्या सुधारणेनुसार ३०,००० पर्यंत तातडीने मिळू शकतात. उरलेली रक्कम मात्र मालकावरच्या खटल्यात दोष सिद्ध होण्याशी बांधलेली आहे.