कोअर की बफर? वाघाच्या सफारीचं बुकिंग करण्याआधी

दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी जवळ आली की सोलापुरातल्या प्रत्येक ग्रुपवर तोच संवाद सुरू होतो. "ताडोब्याला चाललोय, तीन सफारी आहेत." कुठल्या गेटच्या? "ताडोब्याच्याच की." अहो, पण कोअरच्या का बफरच्या? म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या गाभ्याच्या, का त्याभोवतीच्या भागाच्या? यावर एकतर सामसूम, नाहीतर ठणकावून उत्तर, "बफर म्हणजे ते डुप्लिकेट जंगल ना? आपलं ओरिजिनल आहे." आणि परत आल्यावर हाच माणूस तोंड पाडून सांगतो, "दिसला वाघ, पण बफरमध्ये." जणू काही वाघ सेकंड हँड होता.

किरकोळ घोळ आधी उरकून टाकतो. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प यांत पर्यटकाने फार गुंतायचं कारण नाही. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, अंधारी अभयारण्य १९८६ चं, आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. सफारीच्या उघड्या जिप्सीत बसलेल्याला एकातून दुसऱ्यात कधी शिरलो ते कळतही नाही. नागपूरचं गोरेवाडा हे प्राणी उद्यान आहे. तिथे कुंपणाच्या आत बस फिरते, लहान मुलं खूश होतात. जरूर जा, फक्त त्याला जंगल म्हणू नका. पेंच दोन राज्यांत आहे. जंगल सलग, पण परवाने वेगळे, बुकिंगही वेगळं. खुर्सापार गेट महाराष्ट्राचं, तुरिया मध्य प्रदेशाचं, आणि दोन्ही एकमेकांच्या जवळच. परमिट कुठल्या राज्याचं आहे ते एकदा बघून घेतलं की झालं.

आता मुख्य गोष्ट. कोअर तुम्हाला माहीत आहे. फोटोंमध्ये जे बघता ते बहुतेक तेच: ताडोब्याचं तळं, पांढरपौनी आणि तेलिया हे पाणवठे, पाण्यात बसलेली वाघीण आणि मागे बछडी. सहा पर्यटक, ड्रायव्हर आणि गाइड अशी जिप्सी. सकाळची एक फेरी, दुपारची एक. मंगळवारी सुट्टी, जुलै ते सप्टेंबर पर्यटन बंद. त्यावर आणखी लिहीत नाही.

बफरबद्दल मात्र भल्याभल्यांचा समज असा की कोअर म्हणजे वाघ असलेलं जंगल आणि बफर म्हणजे त्याच्या कडेची वाघ नसलेली, किंवा चुकून वाघ येणारी पट्टी. हा समज मुळातच चुकीचा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली आणि व्याघ्र प्रकल्पाचे हे दोन भाग कायद्यात आले. कोअर म्हणजे वाघासाठी राखून ठेवलेला, माणसाच्या वस्तीपासून आणि वापरापासून मोकळा ठेवायचा भाग. बफर म्हणजे त्याभोवतीचा असा भाग, जिथे वाघही राहील आणि गावंही राहतील, आणि गावांचे जंगलावरचे हक्क शाबूत असतील. म्हणजे कोअर आणि बफर वेगळे पडतात ते त्या जमिनीवर वाघाशिवाय आणखी कुणाचा हक्क आहे यावरून. वाघ किती आहेत, याच्याशी त्या रेषेचा संबंध नाही. ताडोब्यात कोअर साधारण सव्वासहाशे चौरस किलोमीटर आहे आणि बफर अकराशेच्या आसपास. कडेची पट्टी म्हणतात तो भाग मूळ जंगलाच्या पावणेदोन पट आहे!

जागेवर हा फरक कसा दिसतो ते सांगतो. ताडोब्याच्या कोअरमध्ये जामणी नावाचं गाव होतं. ते बाहेर नेऊन वसवलं, आणि जिथे शेतं होती तिथे आता गवताचं कुरण आहे. चितळ, सांबर, गवे तिथे चरायला येतात आणि त्यांच्यामागे वाघ येतो. गाइड तिथे गाडी उभी करून कानोसा घेतो: चितळाचा इशाऱ्याचा आवाज येतोय का, माकड झाडावरून ओरडतंय का. दुसरा आवाज नसतोच. बफरमध्ये त्याच वेळी लांबून गुरांच्या गळ्यातली घंटा ऐकू येते. एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली पहाटेपासून बायामाणसं टोपल्या घेऊन फुलं वेचत असतात, पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. जिप्सीच्या वाटेवरून एखादा सायकलवाला गावाकडे निघालेला दिसतो. आणि त्याच वाटेवरच्या धुळीत वाघाचा सकाळचा ताजा पगमार्क, म्हणजे पावलाचा ठसा असतो. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाने माणूस मारल्याच्या बातम्या येतात त्या बहुतेक अशाच भागातून किंवा त्याच्याही बाहेरून. बफरमध्ये वाघ नाही असं म्हणणाऱ्याने या बातम्या एकदा वाचाव्यात.

सोलापूरकराला तर हे समजावून सांगायला लागूच नये. आपलं नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, शिवाय नगर जिल्ह्यातले तालुके, त्यांतली गावं, शेतं, रस्ते सगळं त्यात आलं होतं. पुढे ते बरंच कमी केलं. आजही नान्नजला गेलात की कुंपणाच्या अलीकडे गवताळ माळ आणि पलीकडे ज्वारी, आणि काळविटांचा कळप दोन्हीकडे. ज्वारीत उभं असलेलं काळवीट डुप्लिकेट आहे असं आपण कधी म्हणतो का? मग वाघालाच हा न्याय का लावायचा?

शिवाय आपल्या दारातच उदाहरण आहे. डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात आला. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून चालत आलेला. बार्शी तालुक्यातही तो फिरला. शेकडो किलोमीटर शेतं, हायवे आणि गावं ओलांडून आलेल्या त्या नराला कोअर-बफरचा नकाशा कुणी दाखवला होता? छोटा मटका नावाचा ताडोब्याचा प्रसिद्ध नर वाघ वर्षानुवर्षं लोकांनी पाहिला तो नवेगाव-अलिझंझा बाजूच्या बफरमध्ये. त्याचे फोटो काढणाऱ्यांनी "बफरचा होता" म्हणून ते डिलीट केलेले नाहीत.

मग दोन्हींत निवड कशी करायची? इथे माझी मतं पक्की आहेत.

कोअरमध्ये रस्त्यांचं जाळं मोठं, तळी-कुरणं जास्त, त्यामुळे वाघ दिसला नाही तरी तुमची फेरी भरलेली असते. रानकुत्री, अस्वल, गवे, तळ्यातली मगर, काहीतरी दिसतंच. बफरचं एकेक गेट म्हणजे त्या मानाने छोटा तुकडा. तिथे एखादी वाघीण पिल्लं घेऊन ठाण मांडून असेल तर सलग दोन-तीन फेऱ्यांत तीच दिसेल, अगदी जवळून. तिने जागा बदलली की मात्र चार तास त्याच वळणांवर धूळ खायची. म्हणून बफरचं गेट महिनाभर आधी नकाशा बघून ठरवण्यात अर्थ नाही. तिथल्या रिसॉर्टवाल्याला किंवा गाइडला फोन करून "या आठवड्यात कुठल्या गेटला चाललंय?" एवढं विचारायचं आणि मग ठरवायचं. कोअरचं बुकिंग मात्र तारखा सुटल्या सुटल्या करायचं, कारण तिथे गाड्यांची संख्या बांधलेली असते.

आणखी एक गोष्ट. "आम्ही पूर्ण कोअर फिरलो" हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं. २०१२ साली सुप्रीम कोर्टाने काही महिने कोअरमधलं पर्यटन थांबवलं होतं. त्यानंतर जे नियम आले त्यांत कोअरच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागातच पर्यटन चालेल असं ठरलं. उरलेल्या जंगलात तुमची जिप्सी जातच नाही. त्या वीस टक्क्यांत अडकून बसायची सक्ती वाघाला नाही.

पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. कोअर बंद असतं, ताडोब्यातली बफरची गेटं मात्र साधारणपणे चालू राहतात. पाऊस जास्त झाला, वाट चिखलली तर फेरी रद्द होते, ही तयारी ठेवूनच जायचं. ऑगस्टमध्ये कुणी तुम्हाला "ताडोबा कोअर" विकत असेल तर फोन ठेवून द्या.

खरी फसगत होते ती गेटांच्या नावांत. ताडोब्यात एकाच नावाचं कोअर गेटही असतं आणि बफर गेटही. नवेगाव कोअर आहे आणि नवेगाव-रामदेगी बफरही. कोलारा कोअर आहे, कोलारा बाजूचं बफरही. झरी कोअर, झरी-पेठ बफर. पॅकेजवाले कागदावर नुसतं "नवेगाव गेट, ३ सफारी" लिहितात आणि कोअरचे पैसे घेऊन बफरमध्ये फिरवतात. असे कागद मी पाहिले आहेत. बफर वाईट म्हणून नाही, पैसे कोअरचे घेतले म्हणून राग येतो. त्यामुळे पावती नको, थेट परमिटची प्रत मागा. त्यावर गेट, तारीख, फेरी आणि तुमची नावं असतात, आणि ओळखपत्रं त्याच्याशी जुळवली जातात. "परमिट तिथे गेल्यावर मिळेल" हे उत्तर मला अजिबात चालत नाही.

मध्य प्रदेशातल्या कान्ह्यात हाच घोळ वेगळ्या तऱ्हेने होतो. खटिया गेटवरून किसली आणि कान्हा या कोअर झोनमध्ये जाता येतं, आणि खटिया नावाचा बफर झोनही तिथेच आहे. परमिट ज्या झोनचं, त्याच झोनमध्ये फिरायचं. मुक्की गेट तर पार दुसऱ्या बाजूला. खटियाला हॉटेल आणि मुक्कीचं परमिट म्हणजे पहाटेची झोप आणि गाडीभाडं दोन्ही गेलं. कान्ह्यात मात्र मी बफरला एकही फेरी देणार नाही. कान्हा बघायचं ते त्या मोठ्या कुरणांसाठी आणि बारशिंग्यासाठी. १९७० च्या सुमारास त्याची संख्या ६६ वर आली होती आणि तिथेच तो वाचवला गेला. तो बफरमध्ये बघायला मिळेल या आशेवर तिथवर जाऊ नका.

ताडोबा, पेंच आणि कान्हा एका दमात करायचं असेल तर सुट्ट्यांचा वार बघून चाला. सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वणी, चंद्रपूर असा गाडीने अख्खा दिवस जातो. त्या दिवशी दुपारची सफारी घेणारे महाभाग आहेत, तुम्ही घेऊ नका. शनिवारी निघालात तर रविवार आणि सोमवार ताडोब्यात: शनिवार-रविवारी कोअरचे दर चढे असतात, म्हणून रविवारी बफर, सोमवारी दोन्ही फेऱ्या कोअरला. मंगळवारी ताडोब्याचं कोअर बंदच, तो दिवस नागपूरमार्गे पेंचला पोहोचण्यात घालवायचा. बुधवारी सकाळी तुरिया. मध्य प्रदेशात बुधवारी दुपारची फेरी बंद असते, ती दुपार कान्ह्याच्या रस्त्यावर. गुरुवार-शुक्रवार कान्हा. यात बांधवगड कोंबायचा मोह बऱ्याच जणांना होतो. टाळा. तीन जंगलं नीट बघण्यापेक्षा चार जंगलांची गेटं बघण्यात कसलं सुख आहे मला कळत नाही.

वेळ कमी असेल तर टिपेश्वरचा विचार जरूर करा. ते व्याघ्र प्रकल्प नाही, अभयारण्य आहे. पांढरकवड्याजवळ, जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं, पण वाघांनी भरलेलं. आपल्याकडून ताडोब्यापेक्षा जवळ पडतं.

उन्हाबद्दल आपण सोलापूरकर जरा जास्तच फुशारक्या मारतो, पण चंद्रपूरचा मे आपल्यालाही गपगार करतो. डिसेंबरात कान्ह्याच्या उघड्या जिप्सीत पहाटे जी थंडी वाजते तिला दोन स्वेटर पुरत नाहीत. घरातली चादर गुंडाळून बसा, लाजू नका. मोबाइल ताडोब्याच्या कोअरमध्ये नेता येत नाही, त्यावर गेटवर हुज्जत घालू नका. आणि "साइटिंग गॅरंटी" लिहिलेलं पॅकेज कोअरचं असो की बफरचं, त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.