तंबाखू ओढण्याच्या हाताने घडवलेल्या पाइपविषयी आपला अभिप्राय: केव्हा आणि कसा कळवावा

गोव्यातील डिचोली येथील आमच्या लहानशा कार्यशाळेतून पाइप नेल्यावर बहुतेक ग्राहक त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर 'एकदम सुंदर' असे कळवतात. त्याने आम्हाला आनंद होतो, परंतु पुढचा पाइप घडवताना त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. रूपाबद्दलचे मत पहिल्या दिवशी देता येते. पाइप ओढायला कसा आहे हे मात्र दहा-बारा वेळा वापरल्याशिवाय कळत नाही, कारण वाटीच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या खोलगट भागाच्या, आतून काजळीचा पातळ थर धरेपर्यंत कोऱ्या लाकडाची चव धुरात उतरत राहते. म्हणून साधारण तीन आठवडे थांबून सविस्तर लिहावे, अशी आमची विनंती आहे.

सर्वप्रथम तंबाखू न भरता नुसती हवा ओढून पाहावी. शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा गाल आत जाईपर्यंत जोर लावावा लागत असेल, तर दोष आम्ही धुरासाठी पाडलेल्या भोकाचा आहे. आम्ही हे भोक साधारण 4 मिमी ठेवतो आणि ते वाटीच्या अगदी तळाशी, मधोमध उघडले पाहिजे. मागे एका ग्राहकाने 'शेवटची चिमूट नेहमी ओलीच राहते' एवढेच एक वाक्य लिहिले होते. पाइप परत मागवून तार घालून पाहिली, तेव्हा आमचे भोक तळापासून जवळजवळ 2 मिमी वर गेलेले आढळले. तो पाइप आम्ही बदलून दिला. त्या एका वाक्याने आम्हाला जे शिकवले ते स्तुतीच्या शंभर संदेशांनी शिकवले नसते.

ओढताना हुक्क्यासारखी गुडगुड होत असल्यास ती सुरुवातीला होते, अर्ध्यावर होते की शेवटी, हे अवश्य लिहावे. घाईने ओढल्यास चांगल्या पाइपातही पाणी साचते. पण सावकाश ओढूनही गुडगुड होत असेल, तर नळीचे टोक आणि लाकडातील खाच यांच्यामध्ये पोकळी राहिल्याचा आम्हाला संशय येतो. वाटी सगळीकडून सारखी तापते की एकाच जागी चटका बसतो, हेही बोटांनी पाहावे. एका जागी जास्त ताप लागून तेथील लाकूड काळवंडू लागले असेल, तर तीन आठवड्यांची वाट न पाहता पाइप वापरणे थांबवावे आणि आम्हाला त्वरित कळवावे, कारण तेथून लाकूड जळून भोक पडू शकते.

काही तक्रारी वारंवार येतात, परंतु त्यांत दोष नसतो. आम्ही पाइपला लाखेचा मुलामा देत नाही. लेथवर फिरणाऱ्या लाखेच्या रंगीत खेळण्यांना तो शोभतो, तापणाऱ्या वाटीला नव्हे. आमची चमक कार्नोबा मेणाची असते आणि हे मेण 80 अंशांच्या थोडे वर वितळत असल्यामुळे वापराने ती मंदावणारच. तोंडाकडची काळी नळी एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असते. ती गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा बाल्कनीत उन्हात राहिली, तर हिरवट-तपकिरी होते. पावसाळ्यात मानेचे, म्हणजे नळी जिथे बसते त्या भागाचे, लाकूड फुगून सांधा घट्ट बसतो. अशा वेळी जोर किंवा तेल न लावता, पाइप थंड असताना नळीच्या टोकावर साध्या शिसपेन्सिलीचे टोक घासावे. गरम पाइपची नळी कधीही ओढून काढू नये, मान तडकते. लाकडावरील बारीक खळग्यांबद्दलही सांगायला हवे. आमचे लाकूड ब्रायरचे असते. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरातील एका झुडपाच्या मुळाजवळची गाठ, आणि तिच्यात असे खळगे निसर्गतःच असतात. ते लांबी (पुट्टी) भरून लपवण्यापेक्षा आम्ही तसेच ठेवतो. हे ज्यांना पटत नाही त्यांनी खरेदीपूर्वीच सांगावे.

छायाचित्रे फ्लॅशशिवाय, खिडकीच्या उजेडात काढावीत. शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवावे. त्याचा व्यास 27 मिमी असल्याने आम्हाला मापाचा अंदाज येतो. नळी दातांत बोचते, जड वाटते, धरताना हात अवघडतो, असे जे जाणवले ते जाणवले तसेच लिहावे, तांत्रिक शब्दांची गरज नाही. कृपया घरी कानस किंवा पॉलिश पेपर लावून दुरुस्ती करू नये. तसे केल्यावर मूळ चूक कोणाची होती हे शोधता येत नाही.

कारागिरी कितीही चांगली असली तरी तंबाखूचा धूर निरुपद्रवी होत नाही. आम्ही तंबाखू विकत नाही आणि 18 वर्षांखालील व्यक्तीला पाइपही देत नाही. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास कायद्याने बंदी आहे. पाइपची चाचणी घ्यायची असली तरी ती आपल्या खाजगी जागेत, घरातील इतरांना धुराचा त्रास होणार नाही अशा बेताने घ्यावी.

पाइप परत पाठवताना तो रिकामा करून, आतून क्लीनर (पाइप साफ करायची केसाळ तार) फिरवून, दोन दिवस वाळवावा आणि वर्तमानपत्रात गुंडाळावा. प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या पाइपवर पावसाळ्यात बुरशी येते. सोबत चिठ्ठीवर खरेदीचा महिना लिहावा. उत्तर एरवी आठवड्याभरात मिळते, गणेश चवथीच्या आसपास मात्र कार्यशाळा बंद असल्यामुळे थोडा उशीर होतो.